बोटांवरचा पिवळा

आमच्या घरात माणसं चार आणि चालू नाकं तीन. आबांचं नाक रंगाने खाल्लं होतं. सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते. दिवसभर उकळत्या रंगाची वाफ आणि आम्लाचा आंबट दर्प घेऊन घेऊन वास नावाची गोष्टच त्यांच्यापुरती संपली होती. माय तव्यावर ठेच्याच्या मिरच्या भाजायला लागली की मी आणि माझी धाकटी बहीण निमा खोकत खोकत ओट्यावर पळायचो आणि आबा आत मांडी घालून शांतपणे पेपर वाचत बसलेले असायचे. दूध करपून भांड्याला लागलं तरी त्यांना पत्ता नसायचा. डोळा मात्र असा, की गल्लीतल्या बायका साडीवर ब्लाऊजपीस घ्यायचा तर आधी आबांना दाखवून घ्यायच्या. दोन पिवळी कापडं तुम्हाआम्हाला जुळी वाटावीत, आबा ती खिडकीशी नेणार, सकाळच्या उजेडात उलटीसुलटी करणार आणि सांगणार, ‘ह्याच्यात लाल जरा जास्त पडला.’ नमुना जुळला की ते एकच शब्द बोलायचे, ‘बराबर.’ हा शब्द ते फार जपून वापरत. घरी मी तो फक्त मायच्या चहाबद्दल ऐकला होता, तोही सणासुदीला. माझ्याबद्दल तर कधीच नाही, आणि मी तसं काही केलंही नव्हतं म्हणा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. घरात अहिराणी, दारात हिंदी, दुकानात गुजराती, असं तीन खिशांतून सुट्टे काढल्यासारखं बोलणं. सुरतेत पर्वत पाटिया नावाच्या भागाच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. त्या खटखटीची इतकी सवय झाली होती, की वीज गेली आणि लूम थांबले की गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागत. माय आणि निमा घरी साड्यांचे धागे कापायच्या. सकाळी शेठचा माणूस साड्यांचं पोटलं आणून टाकायचा. मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापून, घडी घालून संध्याकाळी परत द्यायचे. निमा कापता कापता अभ्यास करायची. पुस्तक मांडीवर, साडी पुस्तकावर, आणि तोंडाने रसायनशास्त्राची सूत्रं. कात्रीची कचकच थांबली की समजायचं, तिचं काहीतरी अडलंय किंवा ती आमचं बोलणं ऐकतेय. आता त्या जागी कपड्याचं मार्केट उभं आहे. मी तिथून जातो तेव्हा त्या जिन्याखाली आमची चूल कुठे असेल याचा उगाच अंदाज बांधत बसतो.

आमच्या भाऊबंदकीत कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचा रुबाब मी पुरेपूर केला. इस्त्रीची पँट, मागच्या खिशात कंगवा, हातात एकच वही. सकाळचं कॉलेज, साडेअकराला सुटी. माझे दोन दोस्त होते. जिग्नेश पक्का सुरती, बापाचं जरीचं दुकान, आणि तोंडात शिवी अशी, की आशीर्वाद दिला तरी त्यात एक असायचीच. दुसरा प्रकाश. त्याचे वडील रेल्वेत गँगमन, घरात बुद्धाची मूर्ती, रविवारी सगळं घर वंदनेला. प्रकाशने लहानपणी पंचशील घेतलं होतं आणि तो ते पाळायचाही. त्याचं आम्हाला हसू यायचं आणि मनातून थोडा धाकही वाटायचा.

गुजरातेत दारूबंदी. तेव्हाही होती, आताही आहे. म्हणून शनिवारी कॉलेज सुटलं की आम्ही तिघं भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसायचो आणि नवापूरला उतरायचो. ते स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधून राज्याची हद्द जाते. परतीच्या गाडीची वाट बघताना जिग्नेश त्या बाकावर आडवा व्हायचा. तोंड महाराष्ट्रात, पोट गुजरातेत. ‘आता बोल, सुनील,’ तो मला म्हणायचा, ‘पिली महाराष्ट्रात, पोचली गुजरातेत. गुन्हा कुठल्या राज्यात?’ प्रकाश शेंगदाणे खात म्हणायचा, ‘तुझं डोकं ज्या राज्यात असेल तिथे गुन्हा नाही, तिथे काही नाहीच आहे.’ प्रकाश पीत नव्हता, पण चकण्यावर त्याचा पूर्ण हक्क होता. शेंगदाणे, चणे, उकडलेली अंडी, सगळं तोच संपवायचा. आम्ही दोघांत एक बिअर घ्यायचो, पुढे दोन, पुढे मोजायचं सोडून दिलं.

खरी पंचाईत परतीच्या गाडीत. आठच्या आत घरी पोचायचं, आणि तोंडाला वास. हद्दीच्या अलीकडे तो वास म्हणजे पोलीस, आणि पोलिसाहून वाईट म्हणजे माय. पहिल्याच फेरीत माझी पाचावर धारण बसली तेव्हा जिग्नेशने खिशातून सिगारेट काढली. ‘पी ले ने,’ तो म्हणाला, ‘सिगरेटनी वास आवे तो गाळो पडे, दारूनी वास आवे तो केस थाय.’ सिगारेटला शिव्या, दारूला केस. हिशेब सरळ होता. शिवाय आबा विड्या ओढायचे, घरात तो वास मुरलेलाच होता, त्यात आपला मिसळून जाईल असं मी धरलं. अशी सिगारेट माझ्या आयुष्यात आली, दारूवर झाकण म्हणून. पहिल्या झुरक्याला मी इतका खोकलो, की समोरच्या बाकावरच्या म्हातारबाईने मला पाणी दिलं आणि डॉक्टरचा पत्ता सांगितला.

आता गंमत बघा. झाकण म्हणून आणलेली वस्तू हळूहळू भांड्याच्या वरचढ झाली. सोमवार ते शुक्रवार मला सिगारेटची आठवणही व्हायची नाही. पण शनिवारी पहिला घोट घशाखाली गेला, की हात आपोआप जिग्नेशच्या खिशाकडे जायचा. आधी परतीच्या गाडीत ओढायचो, मग बसल्या जागीच, मग प्रत्येक ग्लासासोबत. वर्षभरात उलटंही सुरू झालं. कॉलेजच्या मागच्या टपरीवर बुधवारी कुणी सिगारेट पेटवली, की मला नवापूरची गाडी दिसायला लागायची. एक आली की दुसरीला हाक मारायची. प्रकाश आमच्यासोबत त्याच धुरात बसायचा, तेच हसायचा, तीच गाडी पकडायचा, पण दारू त्याने घेतली नाही आणि सिगारेटही त्याला कधी लागली नाही. त्याला कुणी आग्रह केला तर म्हणायचा, ‘झाकायला माझ्याकडे काही नाही.’ तेव्हा मला ते बोलणं शिष्टपणाचं वाटायचं. साठी ओलांडल्यावर आता कबूल करतो, तेव्हा शहाणं बोलणारा आमच्यात तोच एक होता.

परवा माझा भाचा तन्मय, निमाचा मुलगा, घरी आला होता. तोही कॉलेजात आहे. त्याच्या खिशातून पेनासारखं काहीतरी पडलं. मी उचलून नाकाशी धरलं तर आंब्याचा वास, विजेवरची सिगारेट होती ती. म्हणाला, ‘मामा, रोज नाही, फक्त पार्टीत.’ मी म्हटलं, पार्टीत आणखी काय असतं? त्यावर तो हसला आणि त्याने विषय क्रिकेटवर नेला. मीही नेऊ दिला. बंदीच्या राज्यात अजूनही पार्ट्या होतात आणि अजूनही एकीवर दुसरीचं झाकण लागतं, फक्त झाकणाला आता आंब्याचा वास आहे. तो गेल्यावर मी ही वही काढली आणि हे प्रकरण लिहायला बसलो.

तर त्या वर्षी निमा बारावी झाली. मार्क माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, मी आकडा सांगत नाही, मला अजून लागतं. तिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. ‘आबा ज्या रंगात आयुष्यभर हात घालतात, तो रंग धरतो कसा ते मला शिकायचंय,’ असं ती म्हणायची. पण आबांचे मोठे भाऊ, आमचे नाना, गावी शेती सांभाळायचे आणि भाऊबंदकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी शिरपूरकडचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. मुलगी कॉलेजात गेली की बिघडते, असं त्यांचं ठाम मत, आणि मुलगेही बिघडतात हे त्याच मताचं दुसरं टोक. आबांनी मधला रस्ता काढला. जेवताना म्हणाले, ‘पोऱ्याले कॉलेजमां धाडं. तो सुधा राहिना तर पोरले बी धाडसू.’ म्हणजे मी सरळ राहिलो असेन तर निमाही जाईल. निर्णय कानबाईच्या सणाला, नानांच्या समोर. प्रवेशाची शेवटची तारीख त्यानंतरच्या बुधवारी होती.

त्या रात्री भांडी घासताना निमा मला हळूच म्हणाली, ‘भाऊ, कानबाई होईपर्यंत नवापूर बंद कर.’ मी चपापलो. तिला कसं माहीत, हे विचारायचं धाडस झालं नाही. ‘तुझ्या शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची सालं असतात,’ तिने न विचारताच सांगितलं. ‘माझं कॉलेज तुझ्या हातात आहे, एवढं लक्षात ठेव.’ मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथ घेताना मला खरंच भरून आलं होतं, आणि तीनच दिवसांनी शनिवारी मी गाडीत होतो. जिग्नेश म्हणाला, उद्यापासून श्रावण, छेल्ली वार, शेवटची फेरी, पुढे महिनाभर काही नाही. शेवटची म्हटल्यावर ती नेहमीपेक्षा मोठी झाली. आणि दारू जास्त झाली म्हणून झाकणही जास्त लागलं. अख्खं पाकीट आम्ही दोघांनी संपवलं, प्रत्येक सिगारेट बोटं पोळेपर्यंत. प्रकाश खिडकीबाहेर बघत बसला होता. सुरतेच्या अलीकडचं उधना स्टेशन आलं तेव्हा त्याने मला पेरूची चार पानं दिली आणि म्हणाला, ‘चाव. निमासाठी देतोय, तुझ्यासाठी नाही.’

घरी पोचलो तर खाटेवर नाना. दुपारच्याच गाडीने आले होते. पाया पडताना मी श्वास रोखून धरला. नाना तंबाखू मळत होते, त्यांना काही कळलं नाही. माय दारात उभी होती. तिचं नाक आबांच्या वाटचंही काम करायचं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि इतकंच म्हणाली, ‘पेरूना पाला खाई उना का रे? बकरी शे का तू?’ नाना खळखळून हसले. माय हसली नाही. तिने ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं आणि मी खाली मान घालून जेवलो. मायच्या भरताची चव त्या रात्री मला लागली नाही, याचं अजून वाईट वाटतं, कारण तसं भरीत आता कुणाला जमत नाही.

कानबाई हा आमचा खानदेशी माणसाचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर जाते. सुरतेत त्या सकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. देवीचे रोट करायचे, म्हणजे जाड गोड भाकरीसारखे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घ्यायचे. काही घरी कर्ता माणूसच सगळ्यांचे मोजतो. आमच्या घरची रीत अशी, की ज्याची त्याने मूठ भरायची आणि सगळ्यांदेखत परातीत ओतायची. देवी बसायच्या आधीच्या रविवारी मिलला सुटी असायची, त्या सकाळी हे मोजणं. निमा दर वर्षी विचारायची, ‘माझी मूठ का नाही?’ आणि दर वर्षी माय म्हणायची, ‘तू नंतर दळून आण.’

नवापूरहून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो रविवार होता, आणि खिडकीखाली मायने पितळेची परात ठेवली. आधी नानांनी भरली, मग आबांनी, मग गावाकडच्या पुतण्यांच्या नावाने नानांनीच. माझी पाळी आली. आंघोळ करून, नवं बनियन घालून मी पाटावर बसलो, गव्हात हात घातला आणि मूठ भरून परातीवर धरली. पूर्वेचं ऊन थेट हातावर पडलं होतं. मूठ उघडली तेव्हा मलाच दिसलं. पहिल्या दोन बोटांची पेरं हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी होती. गव्हाच्या दाण्यांपेक्षा पिवळी. वर्षभर चढत होता तो रंग, मी रोज त्याच हाताने जेवत होतो आणि मला कधी दिसला नव्हता. मायने मान फिरवली. आबा टक लावून बघत राहिले, आणि ते काय बघताहेत म्हणून नानांनीही बघितलं.

‘काय रे पोऱ्या,’ नाना म्हणाले, ‘हाई पिवळं कसानं?’

मागच्या खोलीतली कात्री थांबली. मला काहीही सांगता आलं असतं, हळद, शाई, आयोडीन, पण मी नुसता परातीतल्या गव्हांकडे बघत राहिलो. निमाचं कॉलेज माझ्या हातात आहे असं ती म्हणाली होती, आणि ते हातावर असं उघडं पडेल असं तिलाही वाटलं नसेल. आबा उठले. माझं मनगट धरून त्यांनी हात खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या फटीत बघितलं, अगदी मिलमध्ये नमुना बघतात तसं. मग वळून नानांना म्हणाले, ‘मिलना रंग शे, नाना. शनवारले मनासंगे मिलमां येस तो. पिवळा कालवाले शिकाडी राहिनू त्याले.’

दर शनिवारी हा माझ्यासोबत मिलमध्ये येतो, मी त्याला पिवळा रंग कालवायला शिकवतोय. आबा हे इतक्या सहज बोलले, की क्षणभर मलाच वाटलं मी मिलमध्ये जात असेन. नानांचा चेहरा खुलला. ‘मंग चांगलं शे,’ ते म्हणाले, ‘कॉलेज करीसन हाते काम करस, तो पोऱ्या बिघडस नही.’ आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं पुढे म्हणाले, ‘पोरले बी जाऊ दे मंग. शिरपूरवाला थांबतीन.’ आतली कात्री पुन्हा सुरू झाली, पण तिची चाल बिघडली होती. नंतर कळलं, निमाने त्या झटक्यात धाग्याऐवजी साडीचा काठच कापला होता. शेठच्या माणसाला मायने काय सांगून गप्प केलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर आबा म्हणाले, ‘चाल.’ सायकलवर मागे बसवून ते मला थेट सचिनला घेऊन गेले. मिल बंद होती, वॉचमनने दार उघडलं. बॉयलर थंड, यंत्रं गप्प, आणि सगळीकडे तो आंबट दर्प. आबांना तो येत नव्हता, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं आता इथे, कुणी नाही अशा जागी, पट्टा निघणार. आबांनी पट्टा नाही, कप्प्यातून कापडाच्या चिंध्यांची वही काढली. पांढऱ्यापासून हळदीपर्यंत पिवळ्याच्या छटा, एकीखाली एक चिकटवलेल्या. आबा अहिराणीतच बोलले, मी इथे साध्या मराठीत लिहितो, कारण त्यांच्या तोंडची ती ओळन् ओळ माझ्या हाताला पेलत नाही.

‘रविवारी तुझी बोटं इथे असतात,’ त्यांनी एका गडद चिंधीवर बोट ठेवलं, ‘आणि शुक्रवारपर्यंत इथे.’ बोट दोन चिंध्या वर सरकलं. ‘वर्षभर बघतोय. मला वाटलं, पोरगा विडी ओढतो. वय आहे, मीही ओढतो, मी कुठल्या तोंडाने बोलू? पण रोज ओढणाऱ्याचा रंग रोज चढतो. तुझा शनिवारीच चढतो. शनिवारीच चढणारा रंग एकटा येत नाही.’ त्यांनी पॉलिस्टरचा एक पांढरा तुकडा उचलला. ‘ह्या कापडाला रंग धरत नाही, घट्ट धागा आहे. मग त्यात आम्ही कॅरिअर घालतो. ते धागा सैल करतं आणि मागून रंग आत शिरतो. कॅरिअर रंग नसतो, पण त्याच्याशिवाय रंग बसत नाही.’ मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, ‘तुझं कॅरिअर कुठल्या गावाला मिळतं?’

‘नवापूरला,’ मी म्हणालो.

आबा हसले. अगदी मनापासून, पोट धरून हसले. रिकाम्या मिलमध्ये त्यांचं हसणं घुमलं आणि वॉचमन डोकावून गेला. मलाही हसू फुटलं आणि लगेच रडू आलं, दोन्ही एकदम. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, ‘सकाळी कानबाईच्या गव्हांसमोर मी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्यासाठी नाही, निमासाठी. पण ते खोटं मला असं ठेवायचं नाही.’

‘मग नानांना सांगणार?’ मी घाबरून विचारलं.

‘कशाला? ते खरं करायचं. पुढच्या शनिवारपासून कॉलेज सुटलं की इथे. पिवळ्यापासून सुरुवात.’

आणि मी गेलो. त्याच आठवड्यात निमाचा फॉर्म भरला गेला, आणि शनिवारी मी रंगाच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. पहिले दोन-तीन शनिवार फार जड गेले. बारा वाजले की कान पॅसेंजरच्या शिट्टीकडे लागायचे. जिग्नेश एकदा मिलच्या फाटकाशी येऊन बघून गेला. ‘तू तो कामे लागी गयो,’ तो म्हणाला, कुणी वारल्यासारखा चेहरा करून. पण शनिवार गेला तशी दारू गेली, आणि दारू गेल्यावर सिगारेटमधला जीवच गेला. टपरीवर एखादी ओढून बघायचो, नुसता कडू धूर. दोघींना एकत्र सोडायला मला जे कधी जमलं नसतं, ते एकीच्या येण्याची वेळ हुकल्याने जमून गेलं. निमाला वाटायचं ही माझी इच्छाशक्ती. मी तिला तसं वाटू दिलं. आबांची विडी मात्र सुटली नाही. निमाने केमिस्ट्रीची पुस्तकं उघडून त्यांना धुरात काय काय असतं ते वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘माझी विडी एकटीच असते, तिच्यासोबत कुणी नसतं.’ माय म्हणाली, ‘खोकला शे ना.’ त्या खोकल्यानेच पुढे त्यांना नेलं, आणि हे लिहितानाही मला त्यांच्यावर राग येतो, कारण माझ्या बोटांवरचं सगळं ज्यांना दिसलं, त्यांना स्वतःची बोटं कधी दिसली नाहीत.

पण ते फार पुढचं. पुढच्या वर्षी कानबाईआधीच्या रविवारी नाना आले, तेव्हा आबा धडधाकट होते आणि घरात आनंद होता. निमा पहिल्या वर्षात कॉलेजात पहिली आली होती. शिरपूरवाले थांबून थांबून दुसरीकडे गेले होते आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. खिडकीखाली परात, तेच ऊन. नानांनी भरली, आबांनी भरली. मी पाटावर बसून गव्हात हात घातला, आणि मूठ उघडली तेव्हा दोन बोटंच काय, अख्खा तळवा पिवळा होता. साबणाने जात नव्हता, वजरीने जात नव्हता. नखांच्या कडेला तर तो कायमचाच राहिला, आता म्हातारपणीही शोधलात तर सापडेल.

नानांनी माझा हात ओढून जवळ घेतला. ‘अजून गया नही का रे हाऊ पिवळा?’

‘मिलना रंग शे, नाना,’ मी म्हणालो. ‘जात नही.’

आबा उठले. माझं मनगट धरून त्यांनी हात खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या फटीत बघितलं. आत कात्री थांबली होती, मायच्या हातात तांब्या तसाच होता. बराच वेळ ते बघत राहिले, इतका, की नाना तंबाखू मळायचे थांबले. मग त्यांनी माझा हात अलगद परातीवर आणून ठेवला.

‘बराबर,’ आबा म्हणाले.